गळाच्या काठीचे घरगुती चिलखत

गळाच्या काठीचा उपयोग मासे धरण्यासाठी होतो, हे विधान कोशापुरते खरे असले तरी तिच्या आयुष्याचा फारच थोडा भाग पाण्याकाठी जातो. उरलेला सारा काळ ती माळ्यावरून जिन्यात, जिन्यातून रिक्षात, रिक्षातून एसटीत आणि एसटीतून पुन्हा माळ्यावर अशी नेली-आणली जात असते, आणि मोडायची झाली तर बहुधा याच प्रवासात मोडते. धरणाच्या खोल पाण्यात थोरल्या कटल्याशी झुंजताना दुभंगलेली काठी छांदिष्टांच्या कथनात वारंवार भेटते, परंतु तिचे अवशेष तपासले असता त्यांवर मोटारीच्या दाराचा रंग लागलेला आढळतो. (छांदिष्ट म्हणजे पोटासाठी नव्हे, तर हौसेसाठी गळ टाकणारा गृहस्थ, असा अर्थ येथे घेतला आहे.) अशा आपत्तींपासून काठीचा बचाव करण्यासाठी जी लांब, पोकळ आणि दोन्ही टोकांना बंद होणारी वस्तू वापरतात तिला नळी म्हणतात. ती बाजारात तयार मिळते. तथापि ती घरीच बनवण्याचा जो व्यासंग मराठी मध्यमवर्गीय पुरुषांत दिसून येतो, त्याचे स्वरूप पुढे मांडले आहे. या विषयाचे अभ्यासक बहुतेक स्वतःच नळीधारक असल्यामुळे त्यांच्याकडून तटस्थतेची अपेक्षा मात्र ठेवू नये.

काठीची रचना समजून घेतल्याशिवाय नळीची निकड ध्यानात येत नाही. पूर्वीच्या काठ्या बांबूच्या असत, पुढे काचतंतूंच्या आल्या आणि 1970 च्या दशकापासून कार्बनतंतूंच्या काठ्यांचे युग सुरू झाले. कार्बनतंतू वजनाला हलका आणि वाकण्यात तरबेज असतो, पण टणक वस्तूचा आडवा घाव त्याला सोसत नाही; तो घाव वरून दिसतही नाही, आणि पुढे कधीतरी मासा ओढ देतो तेव्हा काठी नेमकी त्याच जागी मोडते, ज्यामुळे छांदिष्टाला माशाच्या आकाराविषयी हवे ते अनुमान काढण्याची मोकळीक मिळते. काठीच्या अंगावर दोर ओवण्यासाठी ज्या कड्या बसवलेल्या असतात त्यांना गाईड म्हणतात. त्यांच्या आतले सिरॅमिकचे अस्तर तडकले तर त्याची धार दोराला कापत राहते. एवढी नाजूक वस्तू प्रवासात जपावी लागते हे उघड आहे, पण प्रवासाला निघेपर्यंत ती टिकणे हाच मोठा प्रश्न असतो, कारण नवी काठी घरात आल्यावर ती जोडून दिवाणखान्यात एकदा झुलवून पाहण्याचा मोह आवरणारा छांदिष्ट अजून जन्माला यायचा आहे. सात फुटी काठी, साडेपाच फुटी गृहस्थ आणि दहा फुटांवरचे छत यांची बेरीज-वजाबाकी प्राथमिक शाळेतली आहे, आणि छताला पंखा टांगलेला असतो ही बाब तर तीत धरलेलीही नाही. "पंखा बंद करू का?" असे पत्नीने विचारायचे, "काही गरज नाही, मला अंदाज आहे," असे पतीने सांगायचे, आणि या दोन वाक्यांपाठोपाठ काठीच्या टोकाचे चार इंच कपाटामागे जाऊन पडायचे, हा क्रम ठरलेला असून नळीची कल्पना घराघरांत याच क्षणी जन्म घेते.

काठी वाहून नेण्याचा प्रश्न आजचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 12 व्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' हे एक स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाची आमिषे आणि गळाने मासे धरण्याची रीत सांगितली आहे. परंतु राजाची काठी उचलायला माणसे असतात आणि ती मोडली तर चूकही त्या माणसांचीच ठरते, त्यामुळे राजाला नळीची निकड भासण्याचे कारण नव्हते. इंग्लंडात 1496 साली छापल्या गेलेल्या आणि परंपरेने ज्युलिआना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर असलेल्या, गळाच्या मासेमारीवरील निबंधात मात्र काठीचा खालचा भाग आतून पोकळ करून वरचा भाग त्यातच सारून ठेवण्याची कृती तपशीलवार दिली आहे. ही पोकळी पाडण्यासाठी प्लंबराकडची सरळ, टोकदार तार कोळशाच्या आगीत तापवून लाकडातून आरपार जाळत न्यावी, असे त्यात म्हटले आहे, म्हणजे गळाची काठी आणि नळकाम यांचे नाते पाचशे वर्षांहून जुने ठरते. अशी काठी हाती घेऊन चालणारा माणूस कुठे निघाला आहे हे कोणालाही कळत नाही, हा तिचा खास गुण म्हणून नोंदवलेला आहे. त्या काळच्या छांदिष्टाला आपला बेत लपवावासा वाटे; आजचा छांदिष्ट चार इंच व्यासाची नळी पाठीला लावून पहाटे सोसायटीच्या फाटकातून निघतो तेव्हा वॉचमनला डुलकी लागलेली असेल तर त्याचे मन खट्टू होते आणि तो फाटक जरा जोरात लावतो.

तयार नळी विकत न घेण्यामागे काटकसरीचे कारण पुढे केले जाते. दुकानातली नळी हातात घ्यायची, तिचे झाकण दोनदा उघडून-मिटून पाहायचे, किंमत वाचायची आणि "यात आहे काय? पाइपचा तुकडा आणि दोन टोपणं!" असे उद्गार काढायचे, या विधीशिवाय घरगुती नळीचा आरंभ होत नाही. हे उद्गार नवसासारखे असतात. एकदा तोंडातून गेले की फेडणे भाग पडते. पुढे पाइप, टोपणे, द्रावण, करवत, कानस, स्पंज, पट्टा आणि रंग यांचा खर्च तयार नळीच्या किमतीला मागे टाकून बराच पुढे निघून गेला तरी छांदिष्टाच्या वहीत घरची नळी स्वस्तच पडते, कारण या हिशेबाचे दोन नियम आहेत. घरात राहणारे अवजार खर्चात धरायचे नाही, कारण "ते कधीतरी लागतंच", हा पहिला नियम. आणि करणाऱ्याच्या वेळेला काही मोल नाही, हा दुसरा. यांपैकी दुसरा नियम घरातल्या सर्वांना निर्विवाद मान्य असतो.

नळी बनवण्याचा हंगाम पावसाळ्याचा. राज्यात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. ही बंदी काठी घेऊन खडकावर बसणाऱ्याला उद्देशून नसली तरी छांदिष्ट ती मोठ्या निष्ठेने पाळतो आणि घरात कारखाना मांडतो. याच दिवसांत गावोगावच्या ओढ्यांना पहिले पाणी आले की चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर येणारे मासे, निघतात आणि गावकरी ते टोपल्यांनी, धोतराच्या पानांनी, प्रसंगी नुसत्या हातांनी धरतात. त्यांच्यापैकी कोणाकडेही नळी नसते, आणि छांदिष्टाच्या मते त्यांच्या पद्धतीत हेच एक वैगुण्य आहे.

साहित्याची निवड हा पहिला टप्पा होय. कापडाच्या ताग्याच्या पोटात असलेली पुठ्ठ्याची नळी दुकानात मागितली तर फुकट मिळते, म्हणून प्रथम तिच्याकडे लक्ष जाते. ती हलकी असते, सरळ असते आणि पुठ्ठ्याची असते. पहिले दोन गुण मे महिन्यात पटतात, तिसरा जूनमध्ये निर्णायक ठरतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आराखडे ठेवायला जी प्लॅस्टिकची नळी खांद्याला अडकवतात ती दिसायला अगदी हवी तशी असते, मात्र लांबीला कमी पडते. देशी परंपरेचा अभिमान असलेला छांदिष्ट बांबूकडे वळतो, कारण बांबू निसर्गतःच पोकळ असतो. पण त्याच्या प्रत्येक पेराशी आत एक पडदा असतो, आणि तो लांब सळईने फोडत फोडत शेवटच्या पेरापर्यंत पोचल्यावर बांबूला बाहेरून उभी चीर गेलेली दिसते. अखेर सगळे पंथ पीव्हीसीच्या पाइपाशी येऊन मिळतात. पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइड हे प्लॅस्टिक, कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि त्यावरून माणूस चालून गेला तरी ते सोसते. माणूस त्यावरून कशासाठी चालून जाईल, हा प्रश्न घरात एकदा तरी विचारला जातो.

पाइप घेण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात जावे लागते, आणि तिथे छांदिष्टाच्या स्वभावाचा एक हळवा कोपरा उघडा पडतो: काउंटरवर प्लंबर, गवंडी आणि कंत्राटदार उभे असताना मासे धरायच्या काठीसाठी पाइप हवा आहे, असे सांगण्याचे धैर्य त्याला होत नाही.

"काय काम काढलंय, साहेब?" दुकानदार विचारतो.

"आपलं... बाथरूमचं."

"मग एसडब्ल्यूआर घ्या. ए टाइप देऊ की बी टाइप?"

"चांगला असेल तो द्या."

"किती इंची?"

"जरा ऐसपैस असू दे."

"चार इंची म्हणजे एकशे दहा एमएम. नहाणी ट्रॅप घेतलाय का?"

"असेल घरात."

"असेल म्हणजे? ट्रॅपशिवाय वास मारेल, साहेब. अरे बारक्या, साहेबांना एक नहाणी ट्रॅप काढ!"

या संवादातल्या संज्ञांचा खुलासा करणे आवश्यक आहे. एसडब्ल्यूआर हा इमारतीतला मैला, सांडपाणी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारा पाइप असून आयएस 13592 या भारतीय मानकात त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: ए हा वायुवीजनासाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी, तर बी हा जाड भिंतीचा, मैल्यासाठी आणि सांडपाण्यासाठी. नहाणी ट्रॅप म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीत बसवायचे भांडे, ज्याच्या बाकात पाणी साचून राहते आणि गटाराचा वास वर येऊ देत नाही. गळाच्या काठीशी यांपैकी कशाचाच संबंध नसला तरी छांदिष्ट बी प्रकारचा पाइप, दोन टोपणे, द्रावणाचा डबा आणि नहाणी ट्रॅप घेऊन दुकानाबाहेर पडतो, कारण खोटे बोलले की त्याला लागणारे सामानही घ्यावे लागते. पाइप दहा फुटांचा असतो आणि दुकानदार तो कापून देत नाही. परिणामी, साडेतीन फुटांचे तुकडे प्रवासात जपण्यासाठी लागणारी वस्तू दहा फुटांच्या अवस्थेत घरी आणणे हा स्वतंत्र प्रवास होऊन बसतो: पाइपाचे एक टोक रिक्षावाल्याच्या कानाजवळून पुढे गेलेले, दुसरे मागून बाहेर आलेले, आणि मध्ये तो मांडीवर तोलून धरलेला छांदिष्ट प्रत्येक वळणावर "जरा सांभाळून" असे रिक्षावाल्याला नव्हे, तर रस्त्याला सांगत असतो. असे लांब पाइप नेण्यासाठी काहीतरी सोय हवी, हा विचार त्याच्या मनात तेव्हापासूनच घोळू लागतो.

मापनात फारशी अडचण नसावी असे वाटते, कारण सात फुटी काठी दोन तुकड्यांची असली की तुकडा साधारण साडेतीन फुटांचा भरतो आणि त्याला चार फुटी नळी पुरेशी होते. मात्र दोन तुकड्यांच्या काठीला 75 मिलिमीटरचा पाइपही सहसा पुरतो, हे ज्ञान 110 मिलिमीटरचा पाइप घरी आल्यावर, त्यात काठी सोडून ती आत खुळखुळताना ऐकल्यावर प्राप्त होते, आणि या खुळखुळण्याला छांदिष्टाच्या परिभाषेत 'भविष्यातली सोय' असे म्हणतात.

कापणीसाठी हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची बारीक दात्यांची करवत, वापरतात. गोल पाइप काटकोनात कापणे अवघड असल्याने जाणकार त्याभोवती सरळ कडेचा कागद गुंडाळतात, कागदाच्या कडेने रेघ मारतात आणि पाइप थोडा थोडा फिरवीत त्या रेघेवरून कापत जातात. छांदिष्टाला ही युक्ती माहीत असते. तो कागदही गुंडाळतो, रेघही मारतो, आणि मग पाइप फिरवण्याऐवजी एकाच बाजूने तावातावाने कापत सुटतो. काप तिरका येतो. तो सरळ करण्यासाठी घेतलेला दुसरा काप उलट्या बाजूने तिरका येतो, तिसरा दुसऱ्याच्या तोडीचा उतरतो, आणि प्रत्येक वेळी पाइप अर्ध्या-पाऊण इंचाने आखूड होतो. येथे दोन संप्रदाय संभवतात: तिरकेपणा पत्करून लांबी वाचवणारा पहिला, आणि काटकोनापायी लांबीचा त्याग करणारा दुसरा. दुसऱ्या संप्रदायाच्या नळ्या अत्यंत सुबक असतात; काठी तेवढी त्यांत मावत नाही. कापताना उडणारा करडा भुसा स्थिर विजेमुळे ज्याला चिकटतो त्याला सोडत नाही, त्यामुळे श्रावणातल्या कामगिरीचा पुरावा गणपतीच्या साफसफाईत देव्हाऱ्यामागेही सापडतो.

टोपण बसवण्यासाठी जे द्रावण लागते, ज्याला प्लंबर 'सोल्युशन' म्हणतात, ते डिंकासारखे चिकटत नाही. त्यातली टेट्राहायड्रोफ्युरानसारखी द्रावके पीव्हीसीचा पृष्ठभागच विरघळवतात, दोन विरघळलेले पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन वस्तूंची एक वस्तू झालेली असते. ही क्रिया इतक्या झटपट होते की वाकडे बसलेले टोपण सरळ करण्याचा विचार मनात येईपर्यंत ते कायमचे वाकडे झालेले असते. द्रावण हवेशीर जागी वापरावे, अशी सूचना डब्यावर असते, आणि पावसामुळे सगळ्या खिडक्या बंद असल्याने घरातली एकमेव हवेशीर जागा म्हणून स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याखालचा ओटा निवडला जातो. "अहो, डोकं भणभणायला लागलं," अशी तक्रार येते. "दोनच मिनिटं, आणि तो गॅस आधी बंद कर, हे पेट घेतं," असे उत्तर मिळते. त्या दिवशी नळी आणि उपास एकाच वेळी घडतात.

एक टोपण कायमचे चिकटवायचे आणि दुसरे उघडझाप करण्यासाठी मोकळे ठेवायचे, ही कृती लिहायला सोपी आहे. लांबी पुन्हा एकदा तपासावी म्हणून काठी आत घालून ठेवणारा, आणि पहिले टोपण छान जमले या आनंदात दुसऱ्यालाही द्रावण लावून मोकळा होणारा एक वर्ग या छंदात आहे. संरक्षणाच्या दृष्टीने पाहता ही नळी सर्वोत्तम म्हटली पाहिजे, कारण तिच्यातली काठी मोटारीचे दार, पंखा, शेजाऱ्यांची मुले आणि खुद्द मालक या सर्वांपासून कायमची सुरक्षित होते. पुढे ती कापून काढण्यासाठी प्लंबराला बोलवावे लागते, आणि तो दोन्ही टोके बंद असलेला पाइप फिरवून फिरवून पाहत "साहेब, यात पाणी येतं कुठून?" असा जो प्रश्न विचारतो, त्याला छांदिष्टाच्या शास्त्रात उत्तर नाही.

मोकळ्या टोकालाही स्वतःचे शास्त्र आहे. आट्यांचे झाकण बसवणे सोपे असते, पण छांदिष्टाला घट्ट दाबून बसणारे टोपण पसंत पडते, कारण ते बसताना होणाऱ्या 'टप्' अशा आवाजात कारागिरीची पावती आहे असे त्याला वाटते. तापमान कायम असताना कोंडलेल्या हवेचे आकारमान वाढले की तिचा दाब कमी होतो, हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी 1662 साली मांडला, आणि हवाबंद नळीचे टोपण ओढू लागणारा प्रत्येक माणूस तो नव्याने सिद्ध करत असतो. त्यात नळी दुपारच्या उन्हात तापलेल्या बाल्कनीत बंद केलेली आणि पहाटेच्या गारव्यात धरणाकाठी उघडायची असली तर आतली हवा थंड होऊन दाब आणखी उतरतो. तो बाहेरच्या दाबाहून एकविसांशानेच कमी झाला तरी 110 मिलिमीटरच्या टोपणावर सुमारे 5 किलो वजनाइतका जोर आतल्या बाजूला पडतो. मग एकाने नळी पोटाशी कवटाळायची, दुसऱ्याने टोपणाला धरून मागे रेलायचे, आणि टोपण निघाले की दोघांनी विरुद्ध दिशांना बसायचे, असा प्रकार पाण्याकाठी चालू असतो. सूर्य वर येतो, माशांची चरण्याची वेळ टळते. यावर उपाय एवढाच, की टोपणाला एक बारीक भोक पाडावे. परंतु इतक्या कष्टाने हवाबंद केलेल्या नळीला स्वतःच्या हाताने भोक पाडणारा कारागीर विरळा. भोक नसलेल्या नळीत ओली काठी बंद केली की मुठीच्या बुचावर बुरशी धरते, आणि ज्या काठीला प्रवासापासून वाचवायचे तिला मुक्कामानेच गाठलेले असते.

खुळखुळणे थांबवण्यासाठी आत अस्तर लागते आणि त्याकरिता घरातली योगासनांची चटई कामी येते. ती अनेक दिवस कोणी वापरलेली नाही, हा तर्क तिच्या मालकिणीसमोर मांडला जाईपर्यंत बिनतोड असतो. पट्टा मुलाच्या जुन्या दप्तराचा काढतात, आणि ते दप्तर जुने नव्हते हे सोमवारी सकाळी कळते. पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगावर रंग धरावा म्हणून ते आधी सॅन्डपेपरने घासावे लागते. तसे न केल्यास रंग प्रथम पाइपावर, मग पाठीवर आणि शेवटी एसटीच्या आसनावर उतरतो. वजनाचा मुद्दा सर्वांत शेवटी लक्षात येतो. 110 मिलिमीटरचा बी प्रकारचा पाइप मीटरला दीड किलोच्या आसपास भरतो, म्हणजे टोपणे, अस्तर आणि पट्टा धरून चार फुटी नळी दोन किलोंच्या पुढे जाते, आणि तिच्यात जपलेली सात फुटी कार्बनची काठी दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर असते. संरक्षक आणि संरक्षित यांचे हे प्रमाण एरवी केवळ मंत्र्यांच्या ताफ्यात पाहायला मिळते.

अशी नळी घेऊन घराबाहेर पडल्यावर समाजाशी गाठ पडते. रेल्वेच्या नियमानुसार प्रवासी डब्यात नेण्याच्या सामानाची मापे 100 सेंटीमीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद आणि 25 सेंटीमीटर उंच अशी असून चार फुटी नळी 122 सेंटीमीटर भरते.

"हे काय आहे?" तिकीट तपासनीस विचारतो.

"गळाची काठी."

"काठी कुठंय? हा पाइप आहे."

"काठी आत आहे."

"उघडून दाखवा बघू."

"उघडत नाही. म्हणजे, हवेचा दाब..."

येथून पुढे संपूर्ण डबा त्या संवादात सामील होतो आणि बॉइलचा नियम कल्याणपासून कर्जतपर्यंत पुरतो. कोकणात उतरल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलते. तिथे बागायतदार पीव्हीसीच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइडच्या वायूचा बार काढून वानर-माकडांना पळवतात, त्यामुळे नळी पाहताच "ओ पावणे, ह्या बंदुकेन माकडां पळतत काय?" अशी आस्थेने चौकशी होते आणि नाही म्हटल्यास "मगे घेवन कित्याक फिरतास?" असा पुढचा प्रश्न येतो, ज्यातला तर्क निर्दोष असतो.

खडकावर पोचल्यावर आधीपासून तिथे बसलेला एखादा म्हातारा भेटतो. त्याचा दोर रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला असतो, आमिष करवंटीत असते, आणि सगळा संच सदऱ्याच्या खिशात मावतो. हा म्हातारा आता आपल्या काठीची, रिळाची किंवा निदान आमिषाची विचारपूस करील, अशी छांदिष्टाची अपेक्षा असते. म्हातारा नळीवर बोटाने टकटक करून पाहतो.

"ए टाइप काय बी टाइप?"

"बी."

"मगे बरो. माझ्या नातवान संडासाक ए घातल्यान, तो फुटलो."

त्यानंतर उतार किती ठेवावा, टाकी घरापासून किती लांब असावी आणि आजकालचे गवंडी कामात कसे लक्ष घालत नाहीत, या विषयांवर भरती लागेपर्यंत चर्चा होते. छांदिष्टाला त्यातले बरेच काही सांगता येते. नळकामाचे त्याचे ज्ञान या सुमारास मासेमारीच्या ज्ञानाहून पुढे गेलेले असते. गळाला काय लागले हा विषय दोघांपैकी कोणीही काढत नाही.

एवढ्या अनुभवानंतर हा व्यासंग आटोपता होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तसे होत नाही, आणि त्याचे कारण अंकगणितात आहे. दहा फुटी पाइपातून चार फुटी नळी निघाल्यावर सहा फुटांचा तुकडा उरतो. तो टाकून देणे काटकसरीत बसत नाही, आणि नुसता ठेवला तर घरातले लोक त्याला कपडे वाळत घालतात. सहा फुटी नळीत बारा फुटी दोन तुकड्यांची काठी बसेल, असा सरळ हिशेब करून छांदिष्ट समुद्रकिनाऱ्यावरून लांब फेकायची बारा फुटी काठी विकत आणतो. म्हणजे पूर्वी काठीसाठी नळी लागत होती, आता नळीसाठी काठी लागते. या हिशेबात सांधा धरलेला नसतो. एक तुकडा दुसऱ्यात काही इंच खुपसावा लागत असल्याने बारा फुटी काठीचा प्रत्येक तुकडा सहा फुटांहून थोडा लांब असतो आणि टोपणाबाहेर तेवढाच डोकावतो. साहजिकच नवा दहा फुटी पाइप आणावा लागतो; त्यातून साडेसहा फुटांची नळी बेतली की साडेतीन फूट उरतात, आणि साडेतीन फुटांत सहा फुटी आखूड काठी फार छान बसेल हे कोणाच्याही लक्षात येण्यासारखे आहे. हार्डवेअरचा दुकानदार एव्हाना काही विचारीनासा झालेला असतो. छांदिष्ट पायरी चढताना दिसला की तो बी प्रकारचा पाइप काढायला सांगतो, द्रावणाचा डबा पुढे ठेवतो, सवयीने नहाणी ट्रॅपही ठेवतो, आणि बिल करता करता एक दिवस न राहवून म्हणतो, "साहेब, रागावणार नसाल तर एक विचारू? घरात नहाण्या आहेत तरी किती?"